'आर्द्र पानझडी' की 'दमट पानगळी'?

येऊरवाट: सोसायटीतल्या मुलांना रविवारी ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात नेतोय. त्यांच्यासाठी दोन पानी माहितीपत्रक करायला घेतलं आणि पहिल्याच ओळीला अडलो. चॅम्पियन आणि सेठ या वनशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये हवामान, झाडोरा आणि माती पाहून भारतातल्या जंगलांचे १६ गट पाडले. येऊर त्यातल्या 'आर्द्र पानझडी' गटात येतं. सातवीतल्या मुलीने वाचलं आणि विचारलं, "बाबा, मे महिन्यात तिथे सगळं वाळलेलं असतं, मग आर्द्र कसं?" 'दमट' लिहू का?

पानगळ: दमट नको. दमट म्हणजे हवा, नाहीतर न वाळलेले कपडे. इथे आर्द्र म्हणजे वर्षाचा एकूण पाऊस जास्त. ठाण्यात चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, पुढचे आठ महिने जवळजवळ कोरडे. म्हणून झाडं वाढतात उंच, पण साग, ऐन, सावर उन्हाळ्यात उघडे पडतात. मुलीला ओढ्याकाठची झाडं दाखवा. तिथे माती खोल आणि ओल टिकते, म्हणून मे महिन्यातही जांभूळ, करंज हिरवे असतात. वरच्या उतारावर मुरूम, तिथलं सगळं भकास. पाऊस तोच, माती वेगळी.

माझी हरकत 'पानझडी'ला आहे. झडतात ते केस. पानं गळतात. 'पानगळ' हा इतका सुंदर शब्द असताना 'पानगळी वन' का नाही?

मुरबाडकर: पावसाची झड लागते, तेव्हा आभाळाचे केस गळतात का हो? आमची आजी म्हणायची, "पानझड झाली की सरपणाला जायचं." शाळेच्या भूगोलात 'पानझडी' आहे. मुलांना तोच शब्द द्या.

शब्दनिष्ठ: 'जंगल' हा शब्दही टाळा. तो फारसी आहे. अमरकोशात एका ओळीत सहा शब्द आहेत: अटव्यरण्यं विपिनं गहनं काननं वनम्.

वैद्य, नौपाडा: जंगल फारसीतून आलेलं नाही, मूळ संस्कृत 'जांगल'. गंमत पुढे आहे. चरकसंहितेच्या कल्पस्थानात देशाचे तीन प्रकार सांगितलेत: जांगल, आनूप, साधारण. जांगल म्हणजे उघडा, कोरडा, वाऱ्याचा मुलूख. खैर, बोर, शमी अशी झाडं. आनूप म्हणजे नद्या नि समुद्राकाठचा, नारळी-केळींनी दाटलेला. झाडं, पाणी, वारा पाहून केलेली ही वर्गवारीच आहे की! त्या हिशोबाने ठाणं आनूप. येऊरच्या दाट झाडीला जंगल म्हणणं मूळ अर्थाच्या उलट जातं.

शब्दनिष्ठ: फारसीबद्दल चुकलो, मान्य. पण मग तर 'वन'च म्हणायला हवं. अर्थ उलटा झालेला शब्द मुलांच्या हाती का द्यायचा?

माणदेशी (सध्या ऐरोली): अर्थ सरकतातच. आमच्याकडे रान म्हणजे शेत. आमचे आबा इथे आले होते, शेजारच्या काकूंना म्हणाले, "पोरगं रानात झोपतं राखणीला." काकू हबकल्या, बिबट्याचं विचारायला लागल्या. रान आलं अरण्यावरून, आणि आता त्यात ज्वारी उभी असते. त्याला चूक म्हणायचं का?

शब्दनिष्ठ: बोलीत चालेल. पत्रकात नाही.

खाडीकाठ, विटावा: सगळे डोंगराकडे बघताय, खाडीचं काय? पत्रकात ती घालाच. आणि कृपा करून 'कांदळवन' लिहू नका. खाडीतली ही झाडं सांभाळणाऱ्या सरकारी कक्षाचं नाव तेच आहे, पण ठाण्याच्या खाडीत बहुतेक सगळी तिवरं. कांदळाला बुंध्यापासून टेकूसारखी मुळं फुटतात, तिवराची मुळं चिखलातून पेन्सिलीसारखी वर येतात. एका झाडाचं नाव दुसऱ्याच्या वनाला दिलंय. आमच्या घरात 'खारफुटी' हा शब्दही कुणी उच्चारला नाही. "तिवरात गेलाय," एवढंच.

पानगळ: खारफुटी चांगला शब्द आहे. खाऱ्यात फुटते ती. सगळ्यालाच तिवर म्हटलं तर चिपीला, खाडीतल्या त्या दुसऱ्या झाडाला, कुठे ठेवाल?

खाडीकाठ, विटावा: चिपीला चिपीच म्हणतो आम्ही. सगळ्यांना मिळून एक नाव लागतं कुणाला?

येऊरवाट: मला लागतं. पत्रक उद्या छापायला जायचंय.

मुरबाडकर: दादा, 'आर्द्र पानझडी' लिहा.

पानगळ: पानगळी!