घरात फराळाचे डबे असले की रात्री हात थांबत नाही, काय करावे?

ओसरी
नमस्कार. माझे वय ४१ आहे. मी ठाण्यात राहते आणि एका खासगी कंपनीचे हिशेबाचे काम गेली चार वर्षे घरूनच करते. घरात पती, ९ आणि १४ वर्षांची दोन मुले आणि सासूबाई आहेत. सासूबाई मूळच्या सांगलीच्या असल्यामुळे आमच्याकडे भडंग, शेंगदाण्याचे लाडू आणि लसणीची शेव यांचे डबे वर्षभर भरलेले असतात; दिवाळीत त्यांत चिवडा, चकल्या, शंकरपाळी आणि बेसनाचे लाडू यांची भर पडते. हे सगळे त्या स्वतः करतात, आणि घरातल्या माणसांनी ते आवडीने खावे यात त्यांना फार समाधान आहे.

दिवसभर मी त्या डब्यांकडे फारसे बघत नाही. रात्री दहाच्या पुढे, भांडी आवरून आणि ओटा पुसून झाला की मात्र खा खा सुटते. उभ्या उभ्या चिमूटभर तोंडात टाकते, झाकण लावते, दिवा बंद करायला जाते आणि परत येते. असे पाच-सहा वेळा झाले की झाकण लावणेच सोडून देते. यंदा भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी चिवड्याचा काठोकाठ भरलेला मोठा स्टीलचा डबा एका रात्रीत चार बोटे खाली आला. मी त्यातले खोबऱ्याचे काप आणि शेंगदाणे वेचून वेचून खाल्ले होते. सकाळी कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून डबा हलवून वरचा थर सारखा करून ठेवला. सासूबाईंनी मुलांना चिवडा देताना त्यात डाव फिरवला आणि म्हणाल्या, "या खेपेला खोबरं कमीच पडलं गं माझ्याकडून." मी गप्प राहिले. ते वाक्य अजून मनातून जात नाही.

गेल्या महिन्यात तपासणी केली तेव्हा माझी एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी चाचणी) ६.१ आली. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, असे डॉक्टरांनी समजावले आणि "तोंडावर ताबा ठेवा" एवढे सांगून पुढचा रुग्ण बोलावला. हा ताबा ठेवायचा कसा, हेच मला कळत नाही. असे पदार्थ घरात आणणे आणि करणे पूर्णपणे बंद करावे का? मुलांचा आणि सासूबाईंचा त्यात काय दोष? ज्यांनी यातून वाट काढली आहे त्यांनी कृपया लिहावे.

पाऊलवाट
घरातले पदार्थ पूर्ण बंद करण्याची गरज नाही असे मला माझ्या अनुभवावरून वाटते, पण ते कुठे आणि किती ठेवले आहेत याने फार मोठा फरक पडतो. आमच्याकडे शेवेची बरणी जेवणाच्या टेबलावर असायची, तीही काचेची. टेबलाजवळून जाताना हात आपोआप तिच्याकडे जायचा आणि पुष्कळदा तोंडात शेव गेल्यावरच मला ती खाल्ल्याचे कळायचे. भूक लागली की नाही हा विचारही मनात आलेला नसायचा.

आम्ही एवढेच केले की मोठा साठा झाकण घट्ट बसणाऱ्या अपारदर्शक डब्यांत भरून माळ्यावर ठेवला, आणि खाली एकच लहान डबा ठेवला, ज्यात घरातल्या सर्वांना चार दिवस पुरेल इतकेच असते. माळ्यावरचे काढायला स्टूल लागते. पहिल्या आठवड्यात मी चार-पाच वेळा उठलो, पण बहुतेक वेळा गॅलरीतून स्टूल आणण्याआधीच परत फिरलो, कारण तेवढ्या वेळात आपण काय करतो आहोत हे ध्यानात यायचे. टेबलावर आता फळांची परडी असते. पेरू आणि केळी समोर असली की तीच खाल्ली जातात. चिरून ठेवली तर फारच लवकर संपतात.

विकतचे काही आणायचे असेल तर किलोचे पाकीट स्वस्त पडते म्हणून आणू नका. पाव किलो आणा. वाचलेले पैसे आपण पुढे दवाखान्यात देतो.

ओसरी
पाऊलवाट, मनापासून आभार. लहान डब्याची कल्पना मी आजच अमलात आणते. माळ्याचा प्रयोग मात्र मी मागच्या वर्षी करून पाहिला आहे. दोन दिवस जमले आणि तिसऱ्या रात्री, सगळे झोपल्यावर, मी आवाज होऊ नये म्हणून स्टूल उचलून आणले. त्या रात्री नेहमीपेक्षा जास्त खाल्ले गेले. शिवाय सासूबाईंना वाटले की त्यांनी केलेले पदार्थ आम्ही नजरेआड टाकले, आणि त्या दोन दिवस अबोल होत्या.

भाकरतुकडा
मी आहारतज्ज्ञ आहे, त्यामुळे माझा पहिला प्रश्न रात्रीचा नसून दिवसाचा आहे: सकाळपासून तुम्ही काय खाता? तुम्ही लिहिले नाही, पण एचबीएवनसी वाढलेली कळल्यावर बहुतेक जण जे करतात ते मी रोज ऐकते. सकाळी चहा आणि दोन बिस्किटे, दुपारी एकच पोळी आणि भाजी, भात पूर्ण बंद, संध्याकाळी पुन्हा चहा, आणि रात्री घाईत थोडेसे जेवण. असे असेल तर रात्री दहाला जी खा खा सुटते तिचा मोठा भाग खरी भूक आहे, आणि दिवसभर नाकारलेली भूक रात्री वरण-भात मागत नाही. तिला तळलेले, खारे आणि गोडच हवे असते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत. तुमचे वजन ६० किलो धरले तर हे ५० ग्रॅम होतात, आणि एका वाटी वरणात जेमतेम सहा-सात ग्रॅम मिळतात, यावरून आपण किती मागे असतो याचा अंदाज येईल. म्हणून दुपारच्या जेवणात मोड आलेल्या मटकीची किंवा मुगाची उसळ, घट्ट वरण, दही, चालत असेल तर अंडे यांपैकी दोन गोष्टी असू द्या. संध्याकाळी पाच-साडेपाचला, चहासोबत नव्हे तर चहाच्या आधी, दीड मूठ फुटाणे आणि पेलाभर ताक घ्या. सुमारे ५० ग्रॅम फुटाण्यांतून दहा ग्रॅम प्रथिने मिळतात आणि ते चावून खावे लागतात. हा एक बदल महिनाभर केला की रात्रीचे चित्र पालटलेले मी अनेकदा पाहिले आहे.

झोपेकडेही बघा. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १२ निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिले, तर भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक २८ टक्क्यांनी वाढले आणि तृप्तीचा संदेश देणारे लेप्टिन हे संप्रेरक १८ टक्क्यांनी घटले. ज्यांना रात्री बारापर्यंत आवराआवर करून पहाटे मुलांच्या डब्यासाठी उठावे लागते, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

आता चिवड्याविषयी. एक ग्रॅम तेलात ९ कॅलरी, तर पिठात किंवा साखरेत ४. चिवडा कोरडा आणि हलका असल्यामुळे पोटात जागा भरत नाही, भरभर खाल्ला जातो, आणि पोट भरल्याचा संदेश मेंदूला पोहोचेपर्यंत दोन वाट्या संपलेल्या असतात. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल आणि सहकाऱ्यांनी २० जणांना दोन आठवडे कारखान्यात फार प्रक्रिया केलेले आणि दोन आठवडे साधे अन्न दिले होते. ताटात वाढलेल्या एकूण कॅलरी, साखर, मेद आणि मीठ सारखेच राखूनही पहिल्या प्रकारच्या अन्नाच्या दिवसांत लोकांनी रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या आणि भरभर खाल्ल्या. हा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. सासूबाईंचा चिवडा कारखान्यातला नाही, हे मला मान्य आहे, आणि त्याचा मान राखलाच पाहिजे. पण भरभर खाल्ला जाण्याचा गुण त्यातही आहे.

आणखी एक गोष्ट दिवाळीत विशेष लागू पडते. एकाच चवीचा पदार्थ खात राहिले की त्याची गोडी कमी होत जाते, पण चव बदलली की भूक पुन्हा जागी होते. म्हणूनच शेवेनंतर लाडू, लाडवानंतर चकली आणि चकलीनंतर पुन्हा शंकरपाळी असे चक्र थांबत नाही. एका वेळी दोनच डबे उघडे ठेवा, एक तिखट आणि एक गोड. ते संपल्यावर पुढचे.

सांजवात
वरचे दोन्ही प्रतिसाद उपयोगी आहेत, परंतु तुमचे दुसरे पत्र वाचून मला थांबावेसे वाटले. आवाज न करता स्टूल आणणे, डब्यातला थर सारखा करणे, सगळे झोपेपर्यंत वाट पाहणे हे सगळे मी स्वतः सहा वर्षे केले आहे. लपवून खाण्याने खाणे कमी होत नाही. लाज वाढते, आणि ती लाज विसरण्यासाठी आपण पुन्हा डब्याकडेच जातो.

मी एका मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले तेव्हा त्यांनी मला एक जुना प्रयोग सांगितला, तो मला फार उपयोगी पडला. १९७५ साली हर्मन आणि मॅक या संशोधकांनी काही विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक दिला आणि मग हवे तेवढे आइस्क्रीम खाऊ दिले. ज्या एरवी खाण्यावर बंधन घालत नसत, त्यांनी मिल्कशेक पिऊन झाल्यावर आइस्क्रीम कमी खाल्ले. ज्या सतत बंधनात राहत, त्यांनी मात्र मिल्कशेकनंतर उलट जास्त खाल्ले. आपल्याकडे "उपास मोडलाच आहे, तर आता पोटभर खाऊन घेऊ" म्हणतात, ते हेच. चिवडा पूर्ण वर्ज्य केला की पहिला घास हाच नियमभंग ठरतो, आणि नियम मोडल्यावर दहावा घास थांबवायला काही कारण उरत नाही. तिसऱ्या रात्री तुम्ही नेहमीपेक्षा जास्त खाल्ले, ते यामुळेच असावे असे मला वाटते.

मला जे उपयोगी पडले ते सांगते. मी चिवडा रोज खाऊ लागले, पण दिवसाउजेडी, वाटीत काढून, खुर्चीवर बसून आणि कुणाच्या तरी सोबतीने. डब्यातून थेट खाणे तेवढे बंद केले. पहिले आठ दिवस वाटी संपल्यावर जीव तळमळायचा. ती ओढ लाटेसारखी चढते आणि, तिच्याशी भांडलो नाही तर, अर्ध्या तासात ओसरते, असे मला शिकवले होते. मी त्या वेळात खाली जाऊन सोसायटीला फेऱ्या मारायचे, किंवा बहिणीला फोन करायचे. काही वेळा लाट ओसरली नाही आणि मी खाल्ले. त्या दिवशी एवढेच पथ्य पाळले की दुसऱ्या दिवशी सकाळचा नाश्ता चुकवायचा नाही. रात्रीची भरपाई म्हणून सकाळी उपाशी राहिले की त्या रात्री पुन्हा तेच होते, हे मी इतक्या वेळा अनुभवले आहे की याबाबत मला शंका उरलेली नाही.

एक विनंती. पोट दुखेपर्यंत, भरभर, एकट्याने खाणे, थांबता न येणे आणि नंतर स्वतःची किळस वाटणे हे आठवड्यातून किमान एकदा आणि तीन महिने चालू असेल, तर त्याला अतिसेवनाचा विकार म्हणतात आणि त्यावर उपचार आहेत. हा चटोरपणा नव्हे. तुमच्या बाबतीत तसे आहे असे मी म्हणत नाही, पण वाटले तर टेलिमानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

आणि सासूबाईंना सांगा. खोबरे त्यांच्याकडून कमी पडले नव्हते, हे त्यांना कळायला हवे.

ओसरी
तीन आठवड्यांनी लिहिते आहे, उशिराबद्दल क्षमा असावी.

भाकरतुकडा, तुमचा अंदाज जवळजवळ तंतोतंत होता. मी दुपारी एकच पोळी खात होते आणि त्याचा मला अभिमान वाटत होता. आता दुपारी दोन पोळ्या, उसळ आणि दही घेते. पाच वाजता फुटाणे. पहिल्याच आठवड्यात रात्री ओट्यापाशी उभे राहण्याची वेळ निम्म्यावर आली. आता फक्त महिनाअखेरीस, हिशेब बंद करायचे असतात त्या दोन-तीन रात्री अजून अवघड जातात. त्या दिवसांत जेवणच साडेनऊनंतर होते. ते आठ वाजता घेता आले तर फरक पडेल का, हे आपण कृपया सांगावे.

सांजवात, मी सासूबाईंना सांगितले. एका दुपारी त्या लसूण सोलत होत्या तेव्हा शेजारी बसून सगळे बोलले, डबा हलवून ठेवला होता तेही. त्या बराच वेळ सोलतच राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं, माझ्या हातचं खातेस याचाच मला आनंद होता. उपाशी राहून रात्री खातेस हे मला कुठं ठाऊक?" आपल्या सासऱ्यांना शेवटी साखरेमुळे पाय गमवावा लागला होता, हेही त्यांनी तेव्हाच पहिल्यांदा सांगितले. दुसऱ्या दिवसापासून चार वाजता त्या मला कामावरून उठवतात, दोन वाट्या भरतात, एक स्वतःला आणि एक मला, आणि आम्ही दोघी खिडकीपाशी बसून खातो. त्यांनीच या वेळी भडंग अर्ध्या मापाचा केला.

मागच्या गुरुवारी रात्री एकदा डबा उघडला आणि बरेच खाल्ले. सकाळी नाश्ता चुकवला नाही, पोहे खाल्ले. थर सारखा केला नाही आणि डबा होता तसाच ठेवला. सासूबाईंनी तो पाहिला, माझ्याकडे बघितले आणि संध्याकाळच्या फुटाण्यांची वाटी जरा मोठी भरली.