मदत हवी आहे: नाईटला वाचलेलं संध्याकाळपर्यंत विसरते, झोप आणि अभ्यास कसा जुळवू?

मी स्टाफ नर्स, मेडिकल वॉर्डला. सरळसेवा भरतीची तयारी चालू आहे. नाईटला दोनची इंजेक्शनं झाली की वॉर्ड जरा शांत होतो, तेवढ्यात वाचते. पहाटे चारला बाराही क्रेनियल नर्व्ह्ज (मेंदूतून निघणाऱ्या नसा) कामांसकट घडाघडा म्हणते. मग ओव्हर (पुढच्या ड्युटीला पेशंट सोपवणं), बस, मुलीचा डबा; आडवी होईपर्यंत दहा. एकला कुरियरवाला नाहीतर शेजारचा कुकर उठवतोच. संध्याकाळी वही उघडावी तर पाचवी सातवीच्या जागी जाऊन बसलेली!

डे ड्युटीच्या आठवड्यात असं होत नाही. दिवसाच्या झोपेत वाचलेलं पक्कं होतं का? आणि वाचायचं कधी? बदाम सोडून काहीही सुचवा, ते सासूबाई देतातच.

दुपारची_वामकुक्षी: ताई, नोट्स स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून झोपताना कानाला लावा. माझ्या भाच्याला फायदा झाला.

शरीरक्रिया_शिकवतो: ते नको. 1956 मध्ये सायमन आणि एमन्स यांनी मेंदूच्या लहरी नोंदवत हेच तपासलं. खऱ्या झोपेत ऐकवलेलं उठल्यावर आठवत नव्हतं. झोपमोड तेवढी होईल. (भाचा जागेपणीही वाचत असणार हो.)

ताई, दिवसाची झोपही कामाला येते. नवीन वाचलेलं आधी हिप्पोकॅम्पसच्या, म्हणजे मेंदूतल्या नव्या आठवणी धरणाऱ्या भागाच्या भरवशावर असतं. गाढ झोपेत मेंदू त्याची उजळणी करतो आणि ते हळूहळू कॉर्टेक्समध्ये (मेंदूच्या बाहेरच्या थरात) मुरतं. तुमची अडचण मधल्या वेळात आहे. 1924 मध्ये कॉर्नेल विद्यापीठात जेनकिन्स आणि डॅलनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांकडून निरर्थक अक्षरं पाठ करून घेतली. पाठांतरानंतर झोपले तेव्हा ते कमी विसरले. तेवढाच वेळ जागे राहिले तेव्हा जास्त. तुमचं चार ते दहा जागरणच, त्यात ओव्हरमध्ये वॉर्डभर पेशंटची माहिती डोक्यात. शिवाय पहाटे मेंदू पेंगलेला असतो, नोंदच कच्ची होते. लगेच म्हणता आलं यावर जाऊ नका.

पाचवी-सातवीचंच का होतं? दोन्ही चेहऱ्याच्या. एक मुख्यतः संवेदनेची आणि चावण्याची, दुसरी हावभावाची. सारख्या गोष्टी एकमेकींत मिसळतात. त्या वेगवेगळ्या दिवशी वाचा.

नवीन धडा झोपून उठल्यावर, ड्युटीआधी. नाईटला फक्त जुने पेपर सोडवा. आडवं होण्याआधी दहा मिनिटं न बघता लिहून काढा, बस्स. आणि चहा रात्री दोनच्या आत संपवा. कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात.

आयसीयूवाली: सिस्टर, खिडकीला जाड पडदा आणि दारावर ‘नाईट आहे, बेल वाजवू नये’ अशी पाटी लावा. घरी जाताना गॉगल. सकाळचं ऊन डोळ्यांवर आलं की झोप उडते. मी दोन हप्त्यांत झोपते, सकाळी आणि ड्युटीआधी तासभर. घरच्यांची कुरकुर आठवडाभर चालते, मग थांबते.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. डबा आजपासून नवऱ्याकडे सोपवलाय, म्हणजे नऊला झोपता येईल. अजून एक: पेपर सकाळच्या सत्रात आला तर आदल्या रात्रीची नाईट करून जाऊ का? रजा शिल्लक नाहीत.

आयसीयूवाली: अजिबात नको. रजा कशाला, ड्युटी बदलून घ्या. पण इन्चार्ज सिस्टरच्या कानावर आत्ताच घाला. हॉलतिकीट आलं की सगळ्याच मागतात.