कामा हॉस्पिटलच्या झिराडबाई कोण होत्या?

गिरगावची_नात

माझ्या आईचा जन्म १९४१ चा, मुंबईच्या कामा हॉस्पिटलातला. आजीची त्याआधीची दोन मुलं बाळंतपणातच गेली होती. तिसऱ्या खेपेला आजोबा कुणाचंही न ऐकता तिला व्हिक्टोरियात, म्हणजे घोडागाडीत घालून कामा हॉस्पिटलात घेऊन गेले. "झिराडबाईंनी माझी सुटका केली," असं आजी शेवटपर्यंत म्हणायची. आम्हाला वाटायचं, बाई पारशी असणार. तर आजी म्हणायची, "पारशी नव्हेत गं, आपल्यासारखं मराठी बोलायच्या." त्या कोण, कुठल्या, कुठे शिकल्या? कुणाला माहिती असेल तर कृपया सांगा. आईला वाचून दाखवायचं आहे.

रेवदंड्याचा

ताई, झिराड हे आमच्या अलिबाग तालुक्यातलं गाव. गावावरून आडनाव पडलं. त्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. आमच्याकडे त्यांना शनवार तेली म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद. पेणकर, रोहेकर ही आडनावं त्यांच्यातही आहेत. घरची भाषा मराठीच, त्यामुळे तुमची आजी अगदी बरोबर सांगत होती. डॉ. जेरुशा झिराड यांनी १९१३ मध्ये बेने इस्रायल स्त्री मंडळ काढलं होतं, तेव्हा त्या तरुणच होत्या.

निवृत्त_सिस्टर

ताई, मी जिल्हा रुग्णालयात बत्तीस वर्षं लेबर रूमला काढली. आमच्या ट्यूटर बाईंनी झिराडबाईंचं नाव आम्हाला पहिल्या वर्षी सांगितलं होतं, तेव्हापासून ते मनात आहे.

त्यांचा जन्म शिमोग्याचा, शाळा पुण्यात. अकरा वर्षांच्या असताना मोठी बहीण खूप आजारी पडली आणि कामा हॉस्पिटलात डॉ. बेन्सन यांच्या हाताखाली बरी झाली. तेव्हाच त्यांनी ठरवलं की डॉक्टर व्हायचं आणि तेही याच हॉस्पिटलात. कामा हॉस्पिटलात पहिल्यापासून डॉक्टर बायकाच, पण वरच्या जागी विलायतेहून शिकून आलेल्या गोऱ्या बायका. झिराडबाई ग्रँट मेडिकलमधून १९१२ ला पास झाल्या, पण पुढे शिकायला सरकारी शिष्यवृत्ती मिळेना, ती मुलींना नव्हतीच. मग टाटांचं शिक्षणकर्ज काढून त्या लंडनला गेल्या, आणि नंतर सरकारने त्यांना शिष्यवृत्ती दिली. १९१९ मध्ये लंडनची एम.डी. झाल्या, प्रसूती आणि स्त्रीरोग या विषयात. हे करणारी ही पहिली भारतीय स्त्री. मग दिल्ली, बंगळुरू करत मुंबईत आल्या आणि १९२८ पासून १९४७ पर्यंत कामाच्या प्रमुख. त्या खुर्चीवरच्या पहिल्या भारतीय. अकराव्या वर्षी धरलेली गोष्ट त्यांनी खरी करून दाखवली.

पण मला त्यांची थोरवी वाटते ती वेगळ्याच कामात. १९३७-३८ मध्ये त्यांनी मुंबई शहरातल्या बाळंतपणातल्या मृत्यूंची चौकशी केली. बाई गेली, तर का गेली? रक्तस्राव झाला, ताप चढला, रक्तच नव्हतं अंगात, की झटके आले? तेव्हा लोक "नशिबात नव्हतं" म्हणून मोकळे होत. आज बाळंतपणात बाई दगावली की आम्ही माता मृत्यू अन्वेषणाचा फॉर्म भरतो: किती वाजता आणली, गाडी किती उशिरा आली, रक्त होतं का. तो भरताना मला दरवेळी झिराडबाई आठवायच्या.

झटक्याची बाई, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येतात ती, एकदा पाहिली की विसरत नाही. पाय इतके सुजतात की जोडवी मांसात रुततात. मी कितीतरी जणींची कटरने कापून काढली आहेत, आणि त्या अर्धवट शुद्धीतही पाय मागे घेतात, सौभाग्याचं लेणं म्हणून. हे होऊ नये म्हणूनच नऊ महिने नाव घालून तपासायचं. आम्ही शिकलो तेव्हा परीक्षानळीतली लघवी स्पिरिटच्या दिव्यावर तापवून बघायचो. वरचा भाग दह्यासारखा पांढरा झाला, म्हणजे लघवीतून प्रथिनं जातायत, झटक्यांचा धोका आहे, की डॉक्टरांना हाक. बस, एवढंच. पण एवढ्यानेच बाई वाचते.

तुमच्या आजीची आधीची दोन कशाने गेली, काही कळलं होतं का?

पुणे_स्त्रीरोग

सिस्टरांनी छान लिहिलं. थोडी भर घालतो. आम्हा स्त्रीरोगतज्ज्ञांचा देशभराचा जो महासंघ आहे, फॉग्सी, तो १९५० मध्ये उभा राहिला आणि झिराडबाई त्याच्या पहिल्या अध्यक्षांपैकी. १९६६ ला पद्मश्री मिळाली. इतकं असून आमच्या पिढीच्या विद्यार्थ्यांना त्यांचं नाव विचारलं तर येत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

गिरगावची_नात

सगळ्यांचे आभार. काल रात्री आईला सगळं वाचून दाखवलं. झिराडबाईंचं शिक्षण ऐकताना ती मान डोलवत होती. सिस्टर, तुमचा जोडव्यांचा भाग आला तेव्हा म्हणाली, "थांब जरा." कपाटातून आजीचा पितळी डबा काढायला लावला. त्यात चांदीचं एक जोडवं आहे, मधोमध कापलेलं, कडा वाकलेल्या. आम्ही लहानपणी विचारायचो तर आजी म्हणायची, "तुझ्या आईच्या वेळचं आहे ते, राहू दे." जोडवं मोडीत का घातलं नाही, हे आम्हाला कधी कळलं नव्हतं.

आईने ते पुन्हा डब्यात ठेवलं नाही. उशाशी घेऊन झोपली.