मदत हवी आहे : लाईट गेली की फाइल शून्य बाईट, एक्स्ट४ चं जर्नल बिघडलंय का?

वेदगंगा :
निपाणी-चिक्कोडी भागातल्या चार दूध संकलन केंद्रांवर एकच पायथन प्रोग्राम चालतो. डेबियन १२ लिनक्स, डिस्कवर एक्स्ट४ फाइलसिस्टम (बदल आधी जर्नल नावाच्या नोंदवहीत टिपणारी), माउंटचे म्हणजे डिस्क जोडण्याचे पर्याय डीफॉल्ट. काट्यावरचं वजन आणि मशीनवरचं फॅट-एसएनएफ (स्निग्धांश आणि बाकीचे घन पदार्थ) घेऊन उत्पादकाला पावती देतो आणि त्या पाळीचा हिशोब एका फाइलीत ठेवतो. पावसाळ्यात लाईट गेली की तीन केंद्रांवर ती फाइल कधीकधी शून्य बाईट होते, सकाळपासूनचं सगळं दूध हिशोबातून गायब. मशीन परत चालू झाल्यावर लॉगमध्ये ‘रिकव्हरी कम्प्लीट’ येतं, एफएसचेक (फाइलसिस्टम तपासणारं साधन) ‘क्लीन’ म्हणतं.

चौथ्या केंद्रावर डिस्क यूएसबी केसमध्ये आहे. तिथं लाईट असतानाच फाइलसिस्टम रीड-ओन्ली होते, लॉगमध्ये ‘डिटेक्टेड अबॉर्टेड जर्नल’. कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) बग आहे का? ट्यून२एफएसने (एक्स्ट४ ची मांडणी बदलणारं साधन) जर्नल काढून परत घालू का?

घटप्रभा :
जर्नल काढू नका. त्यात अजून न उतरलेले व्यवहार असतील तर जर्नलबरोबर तेही जातील. चौथं मशीन बंद करून ठेवा.

बाकीच्यांपैकी एकावर प्रोग्राम एसट्रेस ‘-टीटी’ (प्रोग्रामने कर्नलला केलेले कॉल टिपणारं साधन) लावून चालवा, वेळ दिसू दे. ओपनअॅट, राइट, एफसिंक (मजकूर डिस्कवर पोचवणारा), रिनेम, क्लोज एवढेच कॉल बघा. आणि चौथ्याच्या लॉगात ‘अबॉर्टेड’च्या वरच्या वीसेक ओळी द्या. खरं कारण बहुतेक वेळा त्या ओळीच्या वर असतं.

वेदगंगा :
उत्पादकाने किटली ठेवली की ०६:४१:०८ ला ओपनअॅट, ओ_ट्रंकसह (म्हणजे उघडतानाच जुना मजकूर पुसून). राइट आणि लगेच क्लोज ०६:४१:४७ ला, फॅट मशीनचा आकडा आल्यावर. एफसिंक एकदाही नाही.
चौथ्यावर आधी यूएसबी रीसेट, मग आय/ओ एरर, मग ‘जेबीडी२ : एरर -५’ (जेबीडी२ हा जर्नल लिहिणारा कर्नलचा भाग).

घटप्रभा :
म्हणजे दोन वेगळी दुखणी आहेत, आणि दोन्हीत जर्नलचा दोष नाही.

पहिलं त्या ३९ सेकंदांत आहे. ‘डब्ल्यू’ मोडने उघडल्याक्षणी जुनी फाइल शून्यावर येते. एक्स्ट४ दर ५ सेकंदांनी जर्नल कमिट करतं, म्हणजे ‘आकार शून्य’ ही नोंद डिस्कवर पक्की झाली, आणि नवा मजकूर तर अजून लिहिलेलाच नाही. मध्येच करंट गेला की रिकव्हरी तीच नोंद इमानाने परत आणते, म्हणून एफएसचेकला सगळं नीट दिसतं. ऑर्डर्ड या डीफॉल्ट मोडमध्ये जर्नल फक्त मेटाडेटा (नाव, आकार, जागा) सांभाळतं, मजकूर नाही. २००९ मध्ये कर्नल २.६.३० मध्ये आलेली ऑटो_डीए_अॅलॉकची सोय फाइल क्लोज करताना किंवा जुनीवर रिनेम करताना मदत करते. उघडी पडलेली रिकामी फाइल ती वाचवू शकत नाही.

प्रोग्राम असा बदला. आकडा येईपर्यंत फाइलीला हातच लावू नका. आकडा आला की त्याच डिरेक्टरीत ‘.नवी’ शेपटीची फाइल उघडून पूर्ण हिशोब लिहा, फ्लश करा, मग ओएस.एफसिंक, मग क्लोज. नंतर ओएस.रिप्लेसने जुनीच्या जागी बसवा. शेवटी डिरेक्टरी उघडून तिच्यावरही एफसिंक करा, नाहीतर नवं नाव डिस्कवर पोचलंय याची खात्री नाही. पावती त्यानंतरच छापा. फ्लशने मजकूर फक्त पायथनकडून कर्नलकडे जातो, डिस्कवर पोचवतं ते एफसिंक. ‘.नवी’ फाइल टीएमपीत (तात्पुरत्या फाइलींच्या डिरेक्टरीत) ठेवली आणि ते वेगळं पार्टिशन असलं, तर रिप्लेस एरर १८ देऊन थांबेल.

एक गोष्ट बरेच जण सोडतात : एफसिंकने एरर दिली तर परत एफसिंक मारून ‘झालं’ समजू नका. लिनक्समध्ये दुसरा कॉल यशस्वी येऊ शकतो आणि मजकूर तरीही गेलेला असतो. ऑपरेटरला लाल अक्षरात दाखवा आणि संकलन थांबवा. लोकांच्या दुधाचे पैसे आहेत ते.

मलप्रभा :
एवढं करण्यापेक्षा ‘डेटा=जर्नल’ने (मजकूरही जर्नलमध्ये जाईल असं) माउंट केलं तर?

घटप्रभा :
नाही चालणार. ट्रंकेट एका व्यवहारात आणि राइट ३९ सेकंदांनी दुसऱ्यात, दोन्ही जर्नलमध्ये गेले तरी मधली फट तशीच. वर प्रत्येक डेटा दोनदा लिहिला जाईल.

आता चौथं. -५ म्हणजे आय/ओ एरर : जर्नल लिहिता आलं नाही म्हणून कर्नलने पुढचं नुकसान टाळायला लिहिणं बंद केलं. डिस्क केसमधून काढून थेट साटा केबलवर लावा. माउंट करू नका, रीड-ओन्ली माउंटसुद्धा जर्नल रीप्ले करून डिस्कवर लिहितं. आधी डीडीरेस्क्यूने (बिघडलेल्या डिस्कची प्रत काढणारं साधन) पूर्ण इमेज काढा. मग स्मार्टमध्ये (डिस्कने स्वतः ठेवलेल्या तब्येतीच्या नोंदीत) ५ (बदललेले सेक्टर), १९७ (संशयित सेक्टर) आणि १९९ (केबलवरच्या चुका) हे आकडे बघा. पहिले दोन वाढत असतील तर डिस्कच बदला, फक्त १९९ वाढत असेल तर संशय केबलवर.

एफएसचेक इमेजच्या प्रतीवर चालवा. ‘-एन’ने बघितलं तर घाबरू नका, ते जर्नल रीप्ले करत नाही, त्यामुळे नसलेल्या चुकाही दिसतात. प्रतीवर ‘-एफ -वाय’ नीट गेलं की मूळ डिस्कवर. परतीचा कोड १ म्हणजे चुका होत्या, दुरुस्त झाल्या. ४ म्हणजे काही राहिल्या.

वेदगंगा :
नवा कोड टाकला. चाचणीला सिसआरक्यूचं ‘बी’ (मशीन तडक रीबूट करणारी कर्नलची आज्ञा) पुरेल का?

घटप्रभा :
सुरुवातीला चालेल. पण त्यात डिस्कचा करंट जात नाही, तिची कॅश जिवंत राहते. खरी परीक्षा प्लग ओढूनच. जुन्या पीसीवर करा, केंद्रावरच्या नको.

वेदगंगा :
जुन्या पीसीवर २० वेळा प्लग ओढला. दरवेळी फाइल जुनी तरी पूर्ण किंवा नवी तरी पूर्ण, शून्य एकदाही नाही. चौथ्याची इमेज निघाली, ५ आणि १९७ दोन्ही शून्य. मूळ डिस्कवर एफएसचेकचा कोड १, लॉस्ट+फाउंडमध्ये (एफएसचेक सापडलेल्या निनावी फाइली ठेवतं ती डिरेक्टरी) दोन फाइली, दोन्ही कालच्या संध्याकाळच्या पाळीच्या. पावतीबुकाशी ताळा जुळला. यूएसबी केस काढून टाकतोय.