जबाबदारी ठरेपर्यंत मृतांची नोंद थांबवायची का?

मीरा_प
हवाई हल्ल्यात नागरिक मेले आणि 'आम्ही नव्हे, ते' अशी टोलवाटोलवी सुरू झाली, की नोंद ठेवणाऱ्यांना सांगितलं जातं: आधी दोषी ठरू द्या. मला हे अजिबात पटत नाही. १७ मार्च २०१७ ला मोसुलच्या अल-जदीदा भागात एक इमारत कोसळली. इराकी लष्कराने इसिसच्या स्फोटकांकडे बोट दाखवलं, लोक विमानाकडे. अमेरिकेने मे महिन्यात कबूल केलं: दोन स्नायपर टिपायला बॉम्ब आपणच टाकला, त्यात किमान १०५ नागरिक गेले. इमारत मात्र इसिसने आत ठेवलेल्या स्फोटकांमुळे पडली, असंही म्हटलं. म्हणजे वाद पुरता मिटलाच नाही. तोवर नावं लिहायची नव्हती का?

तटस्थ_नजर
असहमत. आकडा आरोपासकटच फिरतो. गाझातलं अल-अहली रुग्णालय, १७ ऑक्टोबर २०२३. तिथल्या आरोग्य मंत्रालयाने इस्रायलला दोषी धरून ४७१ मृत सांगितले, इस्रायलने इस्लामिक जिहाद या पॅलेस्टिनी सशस्त्र संघटनेच्या भरकटलेल्या रॉकेटला. अमेरिकी गुप्तचरांचा अंदाज १०० ते ३००. आकडा आणि आरोप काही तासांत जगभर गेले, लोक रस्त्यावर उतरले. पुरावे तपासायला कोण थांबलं?

मीरा_प
तुम्ही बोलताय ते घोषणेबद्दल, मी बोलतेय नोंदीबद्दल. हवाई हल्ल्यांत मेलेल्या नागरिकांची नोंद ठेवणारी एअरवॉर्ससारखी संस्था किमान आणि कमाल असे दोन्ही आकडे ठेवते, आणि आरोप एकाहून जास्त पक्षांवर असेल तर ती घटना 'वादग्रस्त' या वेगळ्या वर्गात टाकते. मेलेला माणूस मात्र यादीत राहतो.

नोंदवही
मीराताईंशी सहमत. यात वेळ फार महत्त्वाची. एकच अरबी नाव रोमन लिपीत तीन तऱ्हांनी लिहिलं जातं, मग एक माणूस दोनदा मोजला जातो. ते टाळायला वडिलांचं नाव, आजोबांचं नाव, वय, घर कुठल्या गल्लीत, एवढं सगळं जुळवावं लागतं. हे सांगू शकणारे शेजारी वर्षभराने कुठल्या छावणीत असतील, कोण जाणे!

सडेतोड
माझा आक्षेप उलट बाजूने आहे. 'वादग्रस्त' हा शिक्का हल्ला करणाऱ्यांच्याच पथ्यावर पडतो. जून २०१५ मध्ये इराकमधल्या हविजात इसिसच्या बॉम्बच्या कारखान्यावर हल्ला झाला, सुमारे ७० नागरिक मेले. इसिसविरुद्ध लढणाऱ्या, अमेरिकेच्या नेतृत्वाखालच्या आघाडीतल्या कोणत्या देशाची विमानं? डच. हे बाहेर आलं ऑक्टोबर २०१९ मध्ये, तेही डच पत्रकारांनी खणून काढलं म्हणून. चार वर्षं त्या कुटुंबांनी भरपाई कुणाकडे मागायची होती? नुसत्या याद्या करून काय होणार?

मीरा_प
पण सडेतोड, यादीच नसेल तर भरपाई कुणाच्या नावाने मागणार? शिक्का कायमचा नसावा, हे मान्य. नवा पुरावा आला की घटना पुन्हा उघडायची, आणि कोणत्या देशाचं विमान होतं ते आघाडीने जाहीर करावं म्हणून पिच्छा पुरवायचा.

तटस्थ_नजर
नावं लिहायला माझी ना नाही. पहिल्या दिवशीचा आकडा पक्का म्हणून छापायला आहे, आणि ती राहील.