आराखड्याच्या नकाशात आमचा गट सरकलेला दिसतोय

माळावरचा_गडी: ऑनलाइन डीपीत (विकास आराखड्यात) रस्ता आमच्या विहिरीवरून जातोय, पण सातबाऱ्याच्या गटनकाशात तर विहीर बरीच आत आहे, मग खरं कुठलं धरायचं?

नकाशेवाला: अहो गटनकाशे जुन्या कागदावरचे, ते स्कॅन करून सॅटेलाइट इमेजवर बसवतात त्याला जिओरेफरन्सिंग म्हणतात, त्यात थोडे मीटर इकडेतिकडे होतातच. वर झोन, रस्ते, नाले असे वेगवेगळे लेयर. स्क्रीनवरची रेघ म्हणजे मोजणी नव्हे!! भूमी अभिलेखकडे मोजणी टाका, झोन दाखला (जमीन शेती, रहिवास अशा कुठल्या वापराच्या झोनमध्ये येते त्याचा) घ्या.

ताई_पुणेकर: आराखडा प्रारूप, म्हणजे अजून मसुदाच असेल तर मुदतीत लेखी हरकत द्या, १९६६ च्या एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्यात तशी सोय आहे. सोबत मोजणीची क प्रत (मोजणीनंतर मिळणारा हद्दीचा नकाशा) जोडा.

माळावरचा_गडी: उद्याच जातो, धन्यवाद ताई