अँटिबायोटिक आणि कॅल्शियमची गोळी

आईला सिप्रोफ्लॉक्सासिन (सिप्रो) हे अँटिबायोटिक चालू आहे तर कॅल्शियमची गोळी दुधाऐवजी पाण्यासोबत दिली तर चालेल का, असं विचारलंय, पण खरा प्रश्न दुधाचा नाही, वेळेचा आहे. कॅल्शियम, लोह, झिंक, मॅग्नेशियम हे सगळे पोटात त्या औषधाला चिकटतात आणि मग ते रक्तात नीट उतरतच नाही, म्हणजे गोळ्या वेळेवर घेऊनही इन्फेक्शन तसंच राहतं आणि सगळ्यांना वाटतं औषधच लागू पडत नाहीये. सिप्रो या गोळ्यांच्या २ तास आधी नाहीतर ६ तासांनंतर द्यायची. दुसऱ्या अँटिबायोटिकांपैकी डॉक्सीसायक्लिनलाही अंतर लागतंच, अमॉक्सिसिलिनला हा त्रास नाही.

वयस्कर माणसांचं काय होतं की गोळ्यांच्या डब्यातल्या सकाळच्या कप्प्यात सगळं एकत्र भरलेलं असतं आणि ते एका घोटात जातं, शिवाय ॲसिडिटीचं पातळ औषध आणि मल्टिव्हिटॅमिन कोणी औषधात धरतच नाही, डॉक्टरांना सांगतही नाही, त्यातही हेच क्षार असतात! ५-७ दिवसांचाच कोर्स असेल तर तेवढे दिवस कॅल्शियम बंद ठेवायचं का हे डॉक्टरांना सरळ विचारा, बरेचदा ते हो म्हणतात. अँटिबायोटिक मात्र मनाने बंद करू नका प्लीज.